गर्भाशयमुखाच्या तपासणीत दोष निघाला: चिठ्ठीपासून वर्षानंतरच्या तपासणीपर्यंत बाईला कसं न्यायचं

तपासणीच्या दिवशी सगळे हजर असतात. रिपोर्ट येतो त्या दिवशी मात्र कुणाचा पत्ता नसतो. चिठ्ठीवर काहीतरी खरडलेलं असतं, बाईला 'मोठ्या दवाखान्यात दाखवा' एवढंच सांगितलेलं असतं, आणि ती चिठ्ठी घडी घालून कुठेतरी ठेवली जाते. पुढे ती सापडते तेव्हा घडीवरचं अक्षर पुसलेलं असतं.

हा लेख त्या मधल्या काळासाठी आहे. तुम्ही आरोग्यसेविका असाल, एखाद्या संस्थेचं काम करत असाल, किंवा आपल्या आईला, बहिणीला, शेजारणीला सोबत घेऊन जाणार असाल, तर टप्पे हेच. फिरत्या कामावर जाणाऱ्या, दिवस भरला तरच पैसे मिळणाऱ्या, दवाखाना लांब असलेल्या, स्वतःचा फोन नसलेल्या बायका माझ्या डोळ्यांसमोर आहेत. अशा ज्या बायका पाठपुराव्यातून निसटलेल्या मी पाहिल्या, त्यांना पुढे सगळ्यांनी 'निष्काळजी' ठरवलं. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येकीला कुठल्या तरी खिडकीवर 'नंतर या' असं सांगितलं गेलं होतं आणि तारीख दिलेली नव्हती. म्हणून खालच्या सगळ्या टप्प्यांना एकच नियम लागू आहे: पुढची तारीख, जागा आणि कुणाला भेटायचं हे कागदावर आल्याशिवाय उठायचं नाही.

घाई किती करायची, हेही आधी सांगतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिला तर त्याचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर ५ ते १०. त्यामुळे रातोरात धावायची गरज नसते. पण तपासणीत दोष दिसतो तेव्हा त्यातली किती वर्षं आधीच उलटून गेली आहेत, हे कुणालाच माहीत नसतं. उपचार करायचं ठरलं की शक्य तितक्या लवकर आणि ६ महिन्यांच्या आत व्हावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही बाहेरची सीमा आहे. ती लक्ष्य म्हणून धरली की काम सातव्या महिन्यात जातंच.

टप्पा १: रिपोर्ट यायच्या आधीच, तपासणीच्या दिवशी

पाठपुरावा रिपोर्ट आल्यावर सुरू होतो, हा पहिला गैरसमज. बाई तपासणीच्या टेबलावरून उतरते तिथेच तो सुरू करायचा. पुन्हा ती समोर बसेल याची खात्री नसते. या गोष्टी तेव्हाच लिहून घ्या:

१. नाव, दोन्ही प्रकारे. ओळखपत्रावर आहे तसं, आणि लोक हाक मारतात ते. एका बाईचा रिपोर्ट सात आठवडे प्रयोगशाळेत पडून होता, कारण नमुन्यावर माहेरचं आडनाव होतं आणि शोधणारे सासरच्या आडनावाने शोधत होते. रिपोर्ट हरवलाच नव्हता; कागदोपत्री एका बाईच्या दोन बायका झाल्या होत्या.

२. फोन नंबर, आणि तो फोन कुणाचा. कोणत्या वेळी तो तिच्या हातात असतो? दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं? हे वाक्य तिलाच ठरवू द्या. 'दवाखान्यातून बोलतोय' चालणार नसेल तर जे चालेल ते तिच्या शब्दांत लिहून ठेवा.

३. दुसरा माणूस. फोन लागला नाही तर कुणाला विचारलेलं तिला चालेल? आपण ठरवायचं नाही. नवऱ्याचं नाव आपसूक टाकू नका.

४. शेवटची पाळी कधी आली, गरोदर आहे का, पाळी गेली असेल तर कधी, पिशवी काढलेली आहे का आणि कशासाठी.

५. पुढच्या सहा महिन्यांत कामासाठी बाहेर जाणार आहे का, कुठे, कधीपासून.

आणि दोष निघालेलाच नसताना प्रत्येकीला एक गोष्ट सांगून ठेवा: 'रिपोर्टमध्ये काही आलं तर आणखी एक तपासणी लागते, ती अमुक ठिकाणी होते.' मग पुढचा फोन वीज कोसळल्यासारखा वाटत नाही.

सावधान: 'काही आलं तर कळवू' हे वाक्य वापरू नका. यात गप्प राहणं म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ होतो, आणि रिपोर्ट गहाळ झाला तरी बाई निश्चिंत राहते. त्याऐवजी सांगा: 'अमुक तारखेपर्यंत आमचा निरोप आला नाही, तर तुम्ही विचारायला या.'

टप्पा २: चिठ्ठीवर नेमकं काय आहे ते वाचणं

'दोष आहे' किंवा 'पॉझिटिव्ह' हा काही निकाल नव्हे. कोणती तपासणी आणि तिचा कोणता निकाल, यावर पुढची वाट ठरते. इथे चूक झाली तर बाई बरोबर वेळेला चुकीच्या दारात उभी राहते.

एचपीव्ही पॉझिटिव्ह: कॅन्सर घडवू शकणाऱ्या प्रकारांपैकी एखादा विषाणू सापडला. पेशींत बदल झाला आहे की नाही, हे यातून कळत नाही. प्रकार १६ किंवा १८ असं लिहिलं असेल तर ते महत्त्वाचं, कारण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात. काही ठिकाणी एचपीव्ही पॉझिटिव्ह आल्यावर थेट उपचार करतात, काही ठिकाणी मध्ये दुसरी चाळणी लावतात, म्हणजे आणखी एक तपासणी करून कुणाला उपचार लागतील ते ठरवतात. दुसरी चाळणी निगेटिव्ह आली तरी फाइल बंद होत नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार २४ महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही तपासणी करायची, एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईची १२ महिन्यांनी.

नमुना बाईने स्वतः घेतलेला असेल तर एक घोळ हमखास होतो. तिला वाटतं तपासणी संपली. प्रत्यक्षात तिचं गर्भाशयमुख अजून कुणी पाहिलेलंच नसतं. पुढच्या भेटीत स्पेक्युलम (योनी उघडी धरणारं उपकरण) लावून बघावं लागेल, आणि दुसरी चाळणी पॅपची (गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची) असेल तर नवा नमुनाही द्यावा लागेल, हे तिला आधी सांगा.

व्हीआयए पॉझिटिव्ह: ३ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल लावल्यावर गर्भाशयमुखावर पांढरा डाग दिसला. नुसत्या सुजेमुळे किंवा संसर्गामुळेही पांढरं दिसू शकतं, त्यामुळे यातल्या बऱ्याच जणींना पुढे काही गंभीर निघत नाही. पाळी गेलेल्या बाईत ही तपासणी विश्वासाची राहत नाही, कारण बघायचा भाग, म्हणजे जिथे हे बदल सुरू होतात तो, आत सरकलेला असतो. तिचं व्हीआयए निगेटिव्ह आलं तरी त्यावर विसंबू नका.

पॅप: इथे अक्षरं वाचावी लागतात. एएससी-यूएस म्हणजे संदिग्ध; सहसा एचपीव्ही तपासणी करतात, ती नसेल तर वर्षाने पुन्हा पॅप. एलसिल म्हणजे सौम्य बदल. पुढे कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीसारख्या उपकरणातून बघणं, टप्पा ४) की पुन्हा तपासणी, हे वय आणि एचपीव्ही पाहून ठरतं. एचसिल (गंभीर बदल), एएससी-एच (संदिग्ध, पण गंभीर बदल नाकारता येत नाही) किंवा एजीसी यापैकी काहीही असेल तर थेट कॉल्पोस्कोपी. पुन्हा पॅप करून 'बघू या' नाही. एजीसी हा दिसायला साधा शब्द आहे, म्हणून तो जास्त वेळा मागे पडतो. त्यात ग्रंथींच्या पेशींचा प्रश्न असतो. गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीचा नमुना लागतो, आणि वय ३५ किंवा जास्त असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचाही.

'नमुना अपुरा': हा निगेटिव्ह नव्हे. २ ते ४ महिन्यांत पुन्हा नमुना द्यायचा.

तपासून पाहा: संबंधांनंतर रक्त जातं का? पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं का? घाण वासाचं, रक्तमिश्रित पाणी अंगावरून जातं का? यातलं काहीही असेल तर वरची कोणतीही तारीख तिला लागू नाही. रिपोर्ट चांगला असला तरी तिला लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. तपासणी ही काही त्रास नसलेल्या बाईसाठी असते. त्रास असलेल्या बाईला निदान हवं असतं.

टप्पा ३: निरोप देणं

फोनवर किंवा समोर, पहिलं वाक्य तयार ठेवा. माझं असं असतं: 'हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही. पण सोडून देण्यासारखाही नाही.' मग थांबायचं. पुढचं सगळं एका दमात सांगितलं तर तिच्या कानात 'कॅन्सर' एवढाच शब्द राहतो.

ती विचारेल त्यातला एक प्रश्न बहुधा हा असतो, कधी तोंडावर, कधी आडून: 'हे कुणामुळे झालं?' इथे चाचरलात तर घरात आग लागते. सरळ सांगा. हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो. संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप जातो. तो बरीच वर्षं गुपचूप राहू शकतो. त्यामुळे कधी आला, कुणाकडून आला, हे कोणत्याही तपासणीतून सांगता येत नाही. नवऱ्यावर उपचार करायचे नसतात. हा रिपोर्ट म्हणजे तिच्या किंवा त्याच्या वागण्याचा दाखला नव्हे.

नंतर तिच्याकडून वदवून घ्या. 'समजलं ना?' विचारलं की उत्तर 'हो' येतं, त्याला काही किंमत नाही. विचारा, 'घरी कुणी विचारलं तर काय सांगाल?' ती जे सांगेल त्यात काय सुटलं तेवढंच पुन्हा सांगा.

'येईन हो' हे उत्तरही तसंच. त्यावर समाधान मानू नका. कशाने याल? त्या दिवशीचा खाडा परवडेल का? धाकट्याला कुणाकडे ठेवाल? सोबत कोण? एका बाईने मला तीनदा 'येईन' म्हटलं आणि तीनदा आली नाही. चौथ्यांदा विचारलं तेव्हा कळलं की दवाखान्याच्या दारावरचे फलक तिला वाचता येत नव्हते, आणि आधीच्या खेपेला ती दोन तास चुकीच्या रांगेत बसून परत गेली होती. हे ती आपणहून कशाला सांगेल? त्या बाईला सोबतीला माणूस दिलं, ती आली.

निरोपाचा नियम: तीन प्रयत्न, तीन वेगळ्या पद्धतीने. एकदा फोन, मग वेगळ्या वेळी फोन, मग तिने दिलेल्या माणसामार्फत किंवा प्रत्यक्ष भेट. सकाळी अकराला तीन दिवस केलेले तीन फोन म्हणजे एकच प्रयत्न.

सावधान: रिपोर्टचा फोटो किंवा 'कॅन्सर तपासणी' असा संदेश घरातल्या सामाईक फोनवर पाठवू नका. आणि तिच्या दारात उभं राहून मोठ्याने बोलू नका.

टप्पा ४: कॉल्पोस्कोपीला जाण्याआधी

कॉल्पोस्कोपी म्हणजे दुर्बिणीसारख्या उपकरणातून गर्भाशयमुख मोठं करून पाहणं. ते उपकरण शरीराच्या बाहेरच राहतं. हे वाक्य तिला आवर्जून सांगा, कारण 'मशीन आत घालतात' या भीतीने कित्येकजणी येत नाहीत. आत जातो तो फक्त स्पेक्युलम, जो तपासणीच्या वेळी लावला होता तोच. साधारण १० ते २० मिनिटांचं काम.

तारीख घेताना पाळीचा हिशेब घाला. रक्तस्राव जास्त असलेल्या दिवशी नीट दिसत नाही आणि बाईला परत पाठवतात. पाळी अनियमित असेल तर तारखेसोबत विचारून ठेवा: 'त्या दिवशी पाळी आली तर कुठे कळवायचं आणि बदली तारीख कधीची?' पाळी आली म्हणून परत पाठवलं आणि नवी तारीख दिलीच नाही, इथे साखळी तुटल्याचं मी सर्वांत जास्त वेळा पाहिलं आहे.

आधीचे २४ ते ४८ तास योनीत औषध, गोळी, मलम नाही, आतून धुणं नाही, संबंध नाहीत. बाहेरून नेहमीची अंघोळ चालते. उपाशी राहायची गरज नाही, आणि हे सांगावं लागतं, नाहीतर बायका सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेता येतात आणि टेबलावर चक्कर येते. वेदनाशामक गोळी चालणार असेल तर अर्धा-एक तास आधी घ्यायला डॉक्टर सांगतात. कोणती, ते त्यांनाच विचारा.

एका पिशवीत हे कागद एकत्र ठेवा: तपासणीची चिठ्ठी, आधीचे सगळे रिपोर्ट, पिशवीचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद, चालू औषधांची नावं. मूळ कागद भरतीच्या खिडकीवर सोडायचा नाही, प्रत द्यायची.

डॉक्टरांना न विचारताही सांगायच्या गोष्टी: गरोदरपण किंवा त्याची शंका, रक्त पातळ करणारी औषधं, आयोडीनची किंवा भुलीच्या औषधाची अ‍ॅलर्जी, तांबी बसवलेली असल्यास ते, एचआयव्हीची स्थिती. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांना या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट असतो, म्हणून तिचं पुढचं वेळापत्रक वेगळं असतं. स्थिती माहीत नसेल तर तपासणीचा पर्याय द्या, सक्ती नाही. आणि ही माहिती डॉक्टर आणि ती यांच्यातच राहील अशी जागा शोधा.

गरोदर असेल तर: कॉल्पोस्कोपी करता येते, ती पुढे ढकलू नका. कॅन्सरची किंवा गंभीर बदलाची शंका असेल तर बायोप्सीही (तपासायला छोटा तुकडा) घेतात. आतल्या नळीचं खरवडणं मात्र टाळतात. कॅन्सरपूर्व बदलांवरचे उपचार बाळंतपणानंतर. प्रसूतीची अपेक्षित तारीख माहीत असते, तेव्हा त्यापुढे साधारण ६ आठवड्यांची तारीख आजच लिहून टाका. बाळ आलं की आईच्या रिपोर्टची आठवण कुणालाच राहत नाही.

टप्पा ५: त्या दिवशी

लघवी करून आत जायचं. सोबत बाईमाणूस हवं असेल तर तसं मागायचा तिला अधिकार आहे. पूर्वी जबरदस्ती सोसलेल्या बाईला टेबलावर पाय वर घेऊन पडणंच असह्य होऊ शकतं. तिने कारण सांगायची गरज नाही. 'मी हात वर केला की थांबा' एवढं डॉक्टरांशी आधी ठरवून द्या, पुष्कळ फरक पडतो.

आत अ‍ॅसिटिक आम्ल लावतात, थोडं चुरचुरतं. कधी आयोडीनही लावतात. संशयास्पद जागेचा काही मिलिमीटरचा तुकडा घेतला तर चिमटा बसावा तसं होतं किंवा पाळीसारखी कळ येते. रक्त थांबवायला एक दाट, पिवळसर-तपकिरी औषध लावतात. ते पुढचे दोन-चार दिवस काळपट, रवाळ गाळासारखं अंगावरून जातं. हे आधी सांगितलं नाही तर घरी गेल्यावर तिचा धीर सुटतो, आणि पुढच्या भेटीला ती येत नाही.

टेबलावरून उतरल्यावर, कपडे नीट करून बसल्यावर, हे विचारायचं:

१. बघायचा सगळा भाग दिसला का, की काही भाग आत होता?
२. तुकडे किती घेतले? आतल्या नळीचा नमुना घेतला का?
३. रिपोर्ट कोणत्या तारखेला, कुठल्या खिडकीवर, आणि तो वाचून कोण सांगणार?

तपासून पाहा: बायोप्सीची बाटली. नाव बाटलीच्या अंगावर हवं, झाकणावर नाही. झाकणं बदलतात. नावाशिवाय आणखी एक खूण हवी: वय, नोंदणी क्रमांक, काहीही. नमुना तुम्हालाच प्रयोगशाळेत नेऊन द्यायला सांगितलं तर पोच घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा.

टप्पा ६: बायोप्सीचा रिपोर्ट

रिपोर्ट हातात आला म्हणजे टप्पा संपला असं नाही. तो त्या डॉक्टरांनी तपासणीच्या चिठ्ठीशेजारी ठेवून वाचला पाहिजे.

सीआयएन १ (सीआयएन म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींतला बदल; आकडा जितका मोठा तितका तो गंभीर): सौम्य बदल, बहुधा आपोआप जातात. सहसा उपचार नाही, वर्षाने पुन्हा तपासणी. 'काही नाही' असं तिला सांगू नका. 'आत्ता काही करायचं नाही, अमुक महिन्यात पुन्हा यायचं' असं सांगा.

सीआयएन २ आणि ३: उपचार. सीआयएन ३ तसाच सोडला तर ३० वर्षांत शंभरातल्या सुमारे तीस जणींना कॅन्सर होतो. नीट उपचार झाले तर एकीलाही होण्याची शक्यता कमी. मूल हवं असलेल्या तरुण बाईत सीआयएन २ वर काही काळ लक्ष ठेवायचा निर्णय तज्ज्ञ घेऊ शकतात, पण त्यासाठी ती ठरल्या वेळी येणारच अशी व्यवस्था हवी. नसेल तर उपचारच बरे, असं माझं मत.

ग्रंथींच्या पेशींतला कॅन्सरपूर्व बदल असेल तर जाळण्या-गोठवण्याचे उपचार चालत नाहीत, तो भाग कापून काढून तपासावा लागतो.

कॅन्सर: इथून कॅन्सर रुग्णालयाचं काम. आधी अवस्था ठरते, मग शस्त्रक्रिया की किरणोपचार आणि केमोथेरपी. बाईला चिठ्ठी देऊन पाठवू नका, सोबत जा.

सावधान: पॅपमध्ये एचसिल आणि बायोप्सी 'नॉर्मल', असं झालं तर आनंदाने फाइल बंद करू नका. तुकडा दुसऱ्याच जागेचा असू शकतो, किंवा दोष आतल्या नळीत असू शकतो. 'दोन्ही जुळत नाहीत, मग पुढे काय?' असं स्पष्ट विचारा. हेच उलट दिशेनेही: चिंता वाटली म्हणून दुसरीकडे पॅप केली, ती चांगली आली, तर आधीचा एचसिल त्यामुळे खोडला जात नाही.

टप्पा ७: उपचार

काही ठिकाणी पॉझिटिव्ह आल्यादिवशीच उपचार करतात. लांबून येणाऱ्या बाईसाठी ही फार मोठी सोय आहे; एक फेरी वाचते म्हणजे एक गळती वाचते. पण त्यासाठी चार अटी पाळाव्या लागतात: कॅन्सरची शंका नको, बघायचा सगळा भाग दिसायला हवा, डाग पूर्ण दिसायला हवा, आणि तो आतल्या नळीत शिरलेला नको. यातली एक जरी अट बसत नसेल तर पुढे पाठवायचं.

थर्मल अब्लेशन: सुमारे १०० अंश सेल्सिअसला तापवलेलं टोक २० ते ३० सेकंद टेकवतात. उपकरण छोटं, गॅस लागत नाही.

क्रायोथेरपी: गोठवतात, ३ मिनिटं गोठवणं, ५ मिनिटं वितळू देणं, पुन्हा ३ मिनिटं गोठवणं.

लीप: विजेवर तापलेल्या तारेच्या फासाने तो भाग काढतात, जागा बधिर करून. काढलेला तुकडा तपासायला जातो, म्हणजे आणखी एक रिपोर्ट आणायचा असतो! तो आणायला विसरतात. त्यात 'कडा' कशा आहेत, म्हणजे दोष तुकड्याच्या काठापर्यंत पोहोचला आहे का, हे पाहायचं असतं. पहिल्या दोन उपचारांत तपासायला काही उरत नाही. म्हणूनच त्याआधी कॅन्सरची शंका पूर्ण दूर झालेली हवी. लीपनंतर पुढच्या गरोदरपणात वेळेआधी प्रसूतीचा धोका थोडा वाढू शकतो. मूल हवं असेल तर ते आधीच बोलावं आणि पुढे गरोदर राहिल्यावर डॉक्टरांना लीपबद्दल सांगावं.

सावधान, आणि हे ठळक लिहून ठेवा: कॅन्सरपूर्व बदलासाठी 'पिशवीच काढून टाका' हा पहिला उपचार नाही. बायोप्सी न करता साध्या पद्धतीने पिशवी काढली आणि नंतर आत कॅन्सर निघाला, तर ते ऑपरेशन अपुरं ठरतं आणि पुढचे उपचार अवघड होतात. 'एकदाच काय ती कटकट संपवा' हे बाईच्या थकलेल्या मनाला पटतं, म्हणून तिथेच सावध राहायचं. बायोप्सीचा रिपोर्ट कुठे आहे, हे विचारा.

तशीच दुसरी चूक म्हणजे महिनोन्‌महिने प्रतिजैविकं आणि योनीत ठेवायच्या गोळ्या. संसर्ग असेल तर त्यावर जरूर घ्याव्यात. एचपीव्ही किंवा सीआयएन त्यांनी जात नाही. लशीनेही आधीचा संसर्ग किंवा झालेला बदल बरा होत नाही. तंबाखू सोडण्याचा मात्र उपयोग होतो, कारण धूम्रपानाने धोका वाढतो.

टप्पा ८: घरी, पहिले चार ते सहा आठवडे

अंगावरून पाणी जाणं अपेक्षित आहे. क्रायोथेरपीनंतर ते चार ते सहा आठवडेही चालतं आणि घडी दिवसातून अनेकदा बदलावी लागते. कामावर जाणाऱ्या बाईला ती बदलायला जागा कुठे आहे, हे आधी बोलून घ्या.

चार आठवडे संबंध नाहीत, आतून धुणं नाही. हे नुसतं तिला सांगून भागत नाही. नकार देणं तिच्या हातात नसेल तर डॉक्टरांनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलेलं जास्त चालतं, आणि तेही तिला चालणार असेल तरच. काहीच शक्य नसेल तर निदान निरोध, म्हणून ते सोबत द्या.

लगेच परत यायची लक्षणं: दोन दिवसांहून जास्त ताप, ओटीपोटात जोराचं दुखणं, घाण वासाचा किंवा पूसारखा स्राव, गाठींसह रक्त किंवा पाळीसारखं रक्त दोन दिवसांहून जास्त. कागदावर लिहा. वाचता येत नसेल तर बोटांवर मोजून पाठ करून घ्या: ताप, दुखणं, वास, रक्त. चार बोटं.

टप्पा ९: वर्षानंतरची तपासणी आणि वही

उपचार झाले, पाणी थांबलं, बाई कामाला लागली. इथे सगळेच सुटकेचा श्वास सोडतात, आणि १२ महिन्यांनंतरची तपासणी राहून जाते. काही ठिकाणी ती ६ महिन्यांनी सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली धरा. शक्य असल्यास ती एचपीव्हीची असावी. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला ती वर्षाच्या अंतराने दोनदा लागते. गंभीर बदलावर उपचार झालेल्या बाईत धोका बरीच वर्षं इतरांपेक्षा जास्त राहतो, २५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवायला सांगणारी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यासाठी पिशवी काढली असली तरीही, मग नमुना योनीच्या वरच्या टोकाचा घेतात.

वही साधी ठेवा. रकाने: नाव (दोन्ही), संपर्क, निकाल आणि तारीख, पुढची पायरी, तिची तारीख, आली की नाही, आली नाही तर का. शेवटचा रकाना सगळ्यांत जास्त रिकामा राहतो आणि त्यातूनच सगळ्यांत जास्त कळतं. पानभर 'खाडा' दिसला तर भेटीची वेळ बदलायला हवी. पानभर 'पाळी आली' दिसलं तर तारखा देणाऱ्याशी बोलायला हवं. आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी फक्त 'तारीख उलटून गेलेल्या' ओळी पाहा. नव्या तपासण्या त्या दिवशी मोजू नका.

बाहेरगावी जाणारी असेल तर सगळ्या कागदांचे फोटो तिच्या आणि तुमच्या फोनमध्ये, आणि एक चिठ्ठी: काय निघालं, काय झालं, काय बाकी आहे, कधीपर्यंत. जिथे जाते तिथल्या दवाखान्याचं नाव मिळालं तर तिथे आधी फोन.

नाव वहीतून चार कारणांनीच कापायचं: पुढची तपासणी चांगली आली आणि नेहमीच्या वेळापत्रकात गेली, दुसऱ्या दवाखान्याने तिला स्वीकारल्याचा निरोप आला, सगळं समजून तिने नकार दिला, किंवा ती वारली. नकार दिलेल्या बाईला 'मन बदललं तर कधीही या' म्हणून सांगितल्याची तारीखही लिहा. 'फोन लागत नाही' हे या चारांत बसत नाही. अशी नावं वहीच्या मागच्या पानावर काढा, दर तीन महिन्यांनी पुन्हा फिरवा, आणि पुढच्या तपासणीच्या दिवशी ते पान सोबत घेऊन जा. त्या गर्दीत तिच्या ओळखीचं कुणीतरी सापडू शकतं. तिचा रिपोर्ट न उघडता फक्त नवा नंबर मागायचा.